झरीला सांगितलेली नाताळची गोष्ट

बायबलबाई म्हणजे काय, असं नातवंडं विचारतात तेव्हा मी सांगते, गोष्ट सांगून पगार घेणारी बाई. ती हसतात. पण काम खरोखर तेवढंच होतं. मिशनकडून मला महिन्याचा पगार मिळायचा, वर्षाला दोन पांढरी लुगडी मिळायची, आणि परभणीच्या आसपासच्या गावांत फिरून मी बायांना येशूची गोष्ट सांगायची. पुरुषांना सांगायला पाद्री होते, मास्तर होते. बायांच्या घोळक्यात पुरुषाला जाता येत नसे, म्हणून आमची नेमणूक. निजामाच्या राज्यात सुरू केलेलं हे काम मी ते राज्य गेल्यावरही बरीच वर्षं केलं. मिशनच्या नाताळ अंकासाठी आठवणी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी ठरवलं, सगळं सांगत बसायचं नाही. नाताळचं सांगायचं, त्यातही झरीचं. ते मी आजवर कुठंच सांगितलेलं नाही, आणि का सांगितलं नाही तेही ओघात येईलच.

बाहेरच्यांना वाटतं, गोष्ट सांगायला काय लागतं, तोंड असलं की झालं. तसं नाही. आधी बसायची जागा साधावी लागते. पारावर बसायचं नाही, तिथं पुरुष. देवळाजवळ नाही, तिथं भांडण. विहिरीकडे तर फिरकायचंच नाही, कारण विहिरीला आमचा विटाळ. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा आमची जात गेली असं माझे वडील म्हणायचे, पण गावाला ते कुणी कळवलं नव्हतं. माझे आजोबा महारवाड्यातले, हे पिंगळीपासून झरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा एखाद्या धीट बाईचं अंगण पाहायचं, आणि त्या अंगणाच्या कडेला, झाडाखाली, ओट्यापासून बेताच्या अंतरावर बसायचं. वेळ दुपारची. हातात काम असलेली बाई उत्तम ऐकते. नाताळच्या सुमाराला कापूस घरात येऊन पडलेला असतो आणि बाया त्यातली पत्ती निवडत बसलेल्या असतात. त्या वेळी त्यांचे हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात. देवाचं नाव लगेच काढायचं नाही. आधी लेकरांच्या खोकल्याची चौकशी, मग एक गाणं, आणि मग चित्रांची गुंडाळी फांदीला टांगून एकेक चित्र उलगडायचं.

ही चित्रं विलायतेतून यायची आणि मला फार त्रास द्यायची. गोठ्याच्या चित्रात मरियेच्या मागं एक गुबगुबीत बैल होता. बाया त्याच्याकडे बघायच्या नाहीत, पण कुंपणापलीकडून ऐकणारे बाप्ये हमखास विचारायचे, "ह्यो कोणता बैल म्हणायचा? लाल कंधारी तर न्हाई." मी एकदा वैतागून सांगितलं की बेथलेहेमकडचा आहे. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "खांदा न्हाई त्याला. नांगराला कामाचा न्हाई." आणि निघून गेला. येशूजन्माबद्दल त्याचं मत मला कधीच कळलं नाही.

एकच गोष्ट, पण ऐकणारा प्रत्येक जण त्यातलं आपलं तेवढं उचलायचा. हेरोद राजानं लेकरं मारायला माणसं धाडली म्हटलं की बाया एकमेकींना सांगायच्या, "कंसच की गं हा." राणीसावरगावला एक जोशीबुवा लांब उभं राहून ऐकायचे. त्यांना फक्त तारा पाहिजे होता. तो कुठल्या नक्षत्रात उगवला, जन्म दिवसाचा की रात्रीचा, हे विचारून त्यांनी काडीनं मातीत पत्रिका मांडायला घेतली आणि मला वेळ सांगता येईना म्हणून माझ्यावर रागावले. झरीचा मसाजी धनगर होता. देवदूत पहिल्यांदा मेंढपाळांकडे आले हे ऐकून त्याची छाती फुगली, ती पुढं वर्षभर फुगलेलीच होती म्हणतात. पण त्याची एक शंका होती, आणि ती तो दर वर्षी विचारायचा. "समदे बाळाला बघाया गेले, मग मेंढरं कुणी राखली? लांडगा काय नाताळ मनून गप बसतोय व्हय?"

या शंकांची उत्तरं मडमसाहेबांनी, म्हणजे मिशनच्या आमच्या मुख्य बाईंनी, शिकवलेली नसायची. वर्षाअखेर त्या विचारायच्या, गोष्टीचा परिणाम काय झाला? त्यांना अपेक्षित परिणाम माझ्याकडून फारसा कधी झाला नाही. झरीहून तर एकही माणूस आमच्या चर्चमध्ये आला नाही. पण माझी गोष्ट अर्धी टाकून कुणी बाई उठली नाही, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. चुलीवर दूध उतू गेलं तरी उठायच्या नाहीत.

झरीला मी गयाबाई पाटलीणीच्या अंगणात बसायची. उंच, सावळी, मोठ्या आवाजाची बाई. सासू वारली होती, नवरा शेतात रमलेला, सासरे मात्र घरात होते. त्यांना सगळे थोरले पाटील म्हणत. ते कधी बाहेर यायचे नाहीत. मी गोष्ट सांगत असले की आत त्यांचा खोकला ऐकू यायचा, तेवढीच त्यांची हजेरी. ओट्यावर पाटलीण आणि शेजारणी, खाली कडुलिंबाच्या झाडाशी मी आणि माझ्या सोबतीची सारामावशी, आणि आमच्याही पलीकडे, गोठ्याच्या भिंतीला टेकून, मांगवाड्यातली भागूमाय. ही गावची सुईण. अर्धा गाव तिच्या हातात जन्मला होता, त्यात पाटलीणीची लेकरंही आली, पण बसायची ती सगळ्यांत लांब.

भागूमायचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. मी पहिल्यांदा गोष्ट सांगितली तेव्हाच तिनं विचारलं, "बाई, तुझ्या गोष्टीत सुईण कुठं हाय?"

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं नाही.

"लिवलं न्हाई मंजी नव्हती व्हय? पहिलटकरीण, परक्या गावात, गोठ्यात. नाळ कुणी कापली? त्या सुतारानं?"

मी मडमसाहेबांना विचारलं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या लालबुंद झाल्या आणि म्हणाल्या, अशा गोष्टीत शिरायची गरज नाही.

आणि पाटलीण. तिची जागा ठरलेली होती. योसेफ आणि मरिया दमून भागून बेथलेहेमला येतात, सराईच्या दारात उभी राहतात आणि सराईवाला म्हणतो, जागा नाही. इथं मी मुद्दाम थांबायची, कारण इथं पाटलीण पेटायची. "मुडदा बशिवला त्याचा! दिस भरलेली बाई दारात उभी, अन् जागा न्हाई मनतो? ह्याला काय आईनं जन्म दिला न्हाई? माझ्या दारात आली असती तर माजघर मोकळं केलं असतं म्या." दर वर्षी हेच, तितक्याच रागानं. शेजारणी माना डोलवायच्या, आत खोकला व्हायचा, आणि मग मी पुढं जायची. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की तिचं बोलणं गोष्टीतलंच वाटायचं.

त्या वर्षी मी स्वतः पोटुशी होते. पहिलंच बाळंतपण. आठवा सरत आलेला. मडमसाहेब म्हणाल्या, या खेपेला दौरा नको. मी म्हटलं, फक्त झरी करते आणि परत येते, गाडीनं जवळच आहे. खरं तर मला गर्व होता. झरीच्या बायांनी गेल्या बाजाराला निरोप धाडला होता की गोष्टवाली कधी यायलीय. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर, ते गंगाखेडच्या बाजूला नाताळच्या दौऱ्यावर गेलेले. अडवायला घरात कोणी नव्हतं.

त्या काळी चार माणसं जमवून गाणं म्हणायचं तरी सरकारी इजाजत लागायची. ती आणायला सारामावशीबरोबर मी अमीनसाहेबांकडे गेले. पोलिसातला माणूस, दरारा मोठा, पण मला पाहून त्यांनी कचेरीत उभं केलं नाही. म्हणाले, आमच्या अम्माला बरं नसतं, तिला ही कहाणी ऐकायची आहे, घरी चला. पडद्याआड एक म्हातारी बाजेवर पडलेली होती. मी गोष्ट सुरू केली. गोठ्यापाशी आले तसा पडद्याआडून आवाज आला, "नक्को, नक्को. गोठे में नै, बेटी. खजूर के झाड के नीचे हुआ. अकेली थी बिच्चारी. दर्द उठा तो झाड कू पकडी. अल्ला बोला, हिला झाड कू. खजूरां गिरे, वो खाई, तब ताकत आई."

मरिया त्यांचीही होती, हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. निघताना म्हातारीनं पडदा जरा सारला, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि खजुराची पुडी हातात दिली. "दर्द में खाना. बीबी मरियम वोइच खाई थी." इजाजतही मिळाली. ती पुडी मी पिशवीत टाकली आणि विसरले.

झरीला पोहोचलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. पाटलीणीचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन परभणीला गेलेला. ओट्यावर कापसाचा ढीग, भोवती बाया. गाडीच्या हादऱ्यांनी माझी कंबर धरली होती, पण मी गाणं म्हटलं, चित्रं टांगली. मरियेचे दिवस भरत आले इथपर्यंत आले आणि पोटात एक कळ आली. मी थांबले. बायांना वाटलं, गोष्टीतला थांबा आहे. पुन्हा सांगू लागले. सराईचं दार आलं. सराईवाला म्हणाला, जागा नाही.

"मुडदा बशिवला त्याचा!" पाटलीण म्हणाली. "माझ्या दारात आली असती तर माजघर मोकळं..."

दुसरी कळ अशी आली की मी लिंबाचं खोड धरलं आणि माझं लुगडं भिजलं. सगळ्यांच्या आधी भागूमायच्या ध्यानात आलं. ती भिंतीपासून उठली आणि म्हणाली, "बाई, तुझी गोष्ट ऱ्हाऊ दे. तुझेच दिस भरले."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्या बायांनी पाटलीणीकडे पाहिलं. ते वाक्य अजून तिच्या तोंडात होतं. तिनं कापूस खाली ठेवला, उठली आणि दाराकडे वळली. दारात थोरले पाटील उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज वाईट नव्हता, "पाणी द्या, भाकर द्या, काय लागंल ते द्या. पर घरात देव हाईत. भावकी काय मनंल? गाडी जुंपून परभणीला धाडा त्यांना."

"गाडीत घाटली तर वाटंतच व्हईल," भागूमाय म्हणाली. "आन् माय-लेकरू दोघंबी जातील."

पाटलीणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहून म्हणाली, "गोठ्यात न्या तिला." आणि आत गेली.

मला राग आला असेल असं वाटतं ना तुम्हाला? आला नाही. आम्हाला गोठा मिळाला हेच जास्त होतं. कुठल्या दारात कुठवर जायचं ते मी चालायला शिकले तेव्हाच शिकले होते. भीती मात्र वाटत होती. दिवस पुरे भरलेले नव्हते, थंडी कडाक्याची, आणि भागूमाय माझं पोट चाचपून गप्प झाली होती. सुईण गप्प झाली की समजावं. सारामावशी त्याच गाडीनं परभणीला खबर द्यायला निघाली, आणि मी त्या गोठ्यात परक्या लोकांत एकटी उरले. मरियेबरोबर निदान योसेफ तरी होता.

थोड्या वेळानं गोठ्याच्या दारात सावली पडली. पाटलीण. एका हातात निखाऱ्यांची शेगडी, खांद्यावर वाकळ, काखेत जुन्या मऊ लुगड्यांचं बोचकं. आत आली, बोचकं ठेवलं, माझ्या मागं बसली आणि मला पाठीशी धरलं. बाळंतिणीला मागून एक बाई लागतेच, रेटा द्यायला.

भागूमाय घाबरली. "पाटलीणबाई, तुमी हात लावू नका. विटाळ व्हईल."

"झाला मन," पाटलीण म्हणाली. "तू तुझं काम कर."

कळांच्या मधे मला त्या पुडीची आठवण झाली. पिशवीतून काढायला सांगितली. पाटलीणीनं खजूर स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. ती गोड चव अजून जिभेवर आहे.

तेवढ्यात थोरले पाटील दाराशी आले. पाठ फिरवून उभे राहिले, बाळंतिणीकडे पुरुष बघत नाहीत. "सूनबाई, घरात चला. हे बरं न्हाई."

पाटलीण सासऱ्याशी कधी समोरासमोर बोललेली मी पाहिली नव्हती. तिनं पदर पुढं ओढला, बसल्या जागेवरूनच बोलली, पण खणखणीत. "मामंजी, मला विटाळ झालाय. आता धा दिस मी घरात येत न्हाई."

"कशाचा विटाळ?"

"बाळंतिणीचा. बाळंतीण धा दिस विटाळशीच असती, मग ती कुणाची का असंना. माझ्या पोटच्या लेकीपाशी बसले असते तरी तुमी मला चुलीला शिवू दिलं नसतं. मग ह्यात जास्तीचं काय झालं? अकराव्या दिशी न्हाऊन येते."

हे मी पुष्कळदा मनात घोळवून पाहिलं आहे. मोडायचं म्हणून तिनं काहीच मोडलं नाही. त्याच नियमाचं दुसरं टोक धरलं आणि त्यातून बाहेर आली. थोरल्या पाटलांनी गड्याला हाक मारली. गोठ्यात त्यांची बैलजोडी बांधलेली होती, त्यांचा जीव की प्राण. ती सोडवून त्यांनी बाहेर लिंबाखाली बांधायला लावली, म्हणजे आत जागा होईल, आणि घरातल्या दोन घोंगड्या बैलांच्या पाठीवर टाकल्या. गोठा पूर्ण मोकळा झाला.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. एवढीशी, निळसर, आणि रडेना. भागूमायनं नाळ कापली नाही. वार पडू दिली आणि ती निखाऱ्यांवर धरून शेकायला लागली. त्या वारेची ऊब नाळेतून लेकरात जाते, असं सुइणी मानायच्या. डॉक्टर काय म्हणतात मला माहीत नाही. मी एवढंच सांगते की भागूमाय शेकत राहिली, बोटानं लेकराचं तोंड साफ करत राहिली, तिला शिव्या देत राहिली, "रड गं रांडं, रड," आणि माझी लेक रडली. तसलं सुंदर गाणं आमच्या चर्चमध्ये कधी कुणी म्हटलं नाही.

आता तिला ठेवायचं कुठं? ओट्यावरचा निवडलेला कापूस बायांनी ओंजळी भरभरून आणला. भागूमायनं तो गव्हाणीत भरायला सुरुवात केली.

मी कशीबशी म्हटलं, "गव्हाणीत नको."

"का गं?"

"लोक म्हणतील, मी जुळवून आणलं."

"लोकाला काय कळतंय! खाली गारठा हाय, मुंग्या हाईत. गव्हाण उंच हाय." आणि माझी लेक झरीच्या कापसात गळ्यापर्यंत बुडवून तिनं गव्हाणीत ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता लिव तुझ्या पुस्तकात, सुईण व्हती मनून."

सकाळी मसाजी धनगर शेळीचं दूध घेऊन आला, दाराबाहेर उभा राहिला. मी आतून विचारलं, "मसाजी, मेंढरं कुणी राखायलंय?"

तो खूप वेळ हसला. म्हणाला, "बायकू. आता समजलं बगा."

दुपारी मडमसाहेब टांगा करून आल्या, औषधं आणली, मला न्यायचं म्हणाल्या. भागूमाय आडवी झाली. लेकरू या थंडीत हलवायचं नाही. मडमसाहेबांनी गव्हाण पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लगेच म्हणाल्या, फोटोची पेटी घेऊन माणूस बोलावते, विलायतेतल्या लोकांना दाखवायला हवं. मी काही बोलायच्या आत पाटलीणीनं दारावर वाकळ सोडली. "बाळंतिणीचा फोटू? नजर लागंल." मडमसाहेब बिचाऱ्या वाकळेच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

पाटलीण दहा दिवस गोठ्यात राहिली. घरून तिचं ताट यायचं, माझंही त्यातच. अंगारा, धुरी, शेक, सगळं तिनं केलं. पाचवीला तिनं सटवाई पुजली. त्याच दिव्यापाशी मी डोळे मिटून माझी प्रार्थना केली. दोघींचंही भागलं. एका दुपारी लेकराला तेल लावताना ती बोलली. तिची थोरली मुलगी सासरी बाळंतपणात गेली होती. "शेक बी दिला न्हाई माझ्या लेकीला. जागा हाय का न्हाई, कुणाला इचारावं?" एवढंच. त्या सराईवाल्याला इतकी वर्षं शिव्या का बसत होत्या ते मला तेव्हा कळलं.

अकराव्या दिवशी ती न्हाली आणि घरात गेली. आमची गाडी आली. बाप्तिस्म्याला मडमसाहेबांनी मुलीचं नाव ग्रेस ठेवलं. आम्ही घरात तिला गयाच म्हणतो.

मडमसाहेबांनी मला फार आग्रह केला की ही हकिगत गावोगाव सांग, याहून मोठी साक्ष कुठली? मी एकाही गावात सांगितली नाही. ती सांगायची तर सुरुवात थोरल्या पाटलांनी दारात मला अडवलं तिथून करावी लागली असती. त्यांचं मीठ मी दहा दिवस खाल्लं होतं. आता ते नाहीत, पाटलीण नाही, भागूमायही नाही. म्हणून आज लिहिते.

पण त्याच्या पुढच्या नाताळचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. मी लेकीला कडेवर घेऊन झरीला गेले. तेच अंगण, तोच लिंब, ओट्यावर तोच कापूस. भागूमाय भिंतीशी. मी चित्रं टांगली, गोष्ट सुरू केली. मनात धाकधूक होती, कारण सराईचं दार जवळ येत होतं. आले तिथं. सराईवाला म्हणाला, जागा नाही.

सगळ्या बाया पाटलीणीकडे बघायला लागल्या. ती खाली मान घालून पत्ती निवडत राहिली. आतला खोकलाही थांबला होता.

"लय शिव्या घाटल्या म्या त्याला," ती शेवटी म्हणाली.

"कुणाला गं?" शेजारीण म्हणाली.

"त्या सराईवाल्याला. त्याच्याबी घरात मोठी माणसं असतील. देव असतील. भावकी असंल."

"असंल की," भागूमाय म्हणाली.

"आत घेता आलं न्हाई तर न्हाई," पाटलीण म्हणाली. "पर मग त्यानं भाईर येऊन बसायचं व्हतं."

देव स्वर्ग सोडून खाली का आला, या प्रश्नाची उत्तरं मला पाठ होती. पाद्र्यांकडून शिकलेली, परीक्षा देऊन पास झालेली. त्या दुपारी त्यातलं एकही आठवलं नाही आणि लागलंही नाही.

तेवढ्यात माझी लेक रांगत ओट्यापर्यंत गेली आणि पायरीला धरून वर चढायला लागली. मी धडपडून उठले. आमची लेकरं त्या ओट्याला शिवत नसत, हे अंगात इतकं भिनलेलं की पाय आपोआप उचलले गेले. पण पाटलीणीनं तिला वर ओढून मांडीवर घेतलं होतं. या खेपेला बाळंतपण नव्हतं, दहा दिवसांची सबब नव्हती, आणि भर दुपार होती. कुणी कापसाला हात लावला नाही.

दारात थोरले पाटील येऊन उभे राहिले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं. मग उंबरठा ओलांडून आले, ओट्याच्या टोकाला घोंगडी अंथरून बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गप का झालीस, बाई? फुडं सांग की. धनगर आले का न्हाई?"

आले, मी म्हटलं, आणि पुढची गोष्ट सांगितली.